नऊ बाटल्या

रंगाच्या कारखान्यात भुकटीच्या खोलीत नऊ बायका कामाला होत्या, आणि त्या नवांत एक काकी होती. तशी ती कुणाचीच काकी नव्हती. वयानं मोठी, अंगानं थोराड आणि आवाज असा की तिनं खोलीत हाक मारली तर पलीकडे भट्टीवरचा माणूस हातातलं काम टाकून वळून बघायचा. कुणाची रजा अडली, कुणाला मुकादमानं टाकून बोललं, कुणाच्या पोराला शाळेत घेईनात, की काकी म्हणायची, "मी बघते." आणि बघायचीसुद्धा. पाठीमागे बायका तिला 'मीबघते' म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दुसऱ्याचं ओझं उचलायची खोड एकदा अंगात मुरली की सुटत नाही, आणि लोकही ती सुटू देत नाहीत. फुकटचा हमाल कुणाला नको असतो?

काम म्हटलं तर सोपं. सुकवण्याच्या भट्टीतून रंगाची ढेकळं पिंपात भरून यायची. ती लाकडी मोगरीनं फोडायची, चाळायची, तोलून पत्र्याच्या डब्यांत भरायची, झाकण ठोकून बसवायचं आणि वर चिठ्ठी चिकटवायची. खोलीला खिडकी एकच, आणि तीही बंद. कारण खिडकी उघडली की वारा येतो, वारा आला की भुकटी उडते आणि भुकटी उडाली की मालकाचा माल उडतो. बायकांच्या नाकातोंडात जाणारा माल मात्र कुणी हिशेबात धरत नव्हतं. नाकाला बांधायला म्हणून फडकी दिली होती. ती गरम चहाचा पेला धरायला फार उपयोगी पडत.

रंग सगळीकडे जायचा. घरी उशीचा अभ्रा बघून सांगता यायचं की या घरातली बाई सध्या कुठल्या रंगावर आहे. घाम रंगीत, थुंकी रंगीत. लाल रंगाचं काम निघालं की लघवीही लालसर व्हायची. नवी बाई पहिल्यांदा घाबरून यायची, तेव्हा काकी तिला पिंपाआड घेऊन सांगायची, "अगं वेडे, रंग आहे तो. सुट्टीच्या दिवशी जातो." काकीला हे तिच्या आधीच्या बाईनं सांगितलं होतं. ती आधीची बाई पुढे ओटीपोटाच्या कसल्याशा दुखण्यानं गेली. त्याचा याच्याशी काही संबंध असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

या नऊजणींत काकीची धाकटी जाऊ होती. दिराची नोकरी सुटली तेव्हा घरात रोज कुरबूर सुरू झाली आणि काकी म्हणाली, "मी बघते." दुसऱ्याच आठवड्यात धाकटी मोगरी घेऊन तिच्या शेजारी उभी होती. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली होती. मोठी जितकी तोंडाळ तितकी धाकटी लाजरी. लाजरी म्हणजे किती? त्यांच्या सासूची एक शिस्त होती: सुनांनी परसातल्या संडासला जाताना हातात झाडू घेऊन जायचं, म्हणजे बघणाराला वाटावं, झाडायला चालली आहे. सासू गेल्यावर काकीनं तो झाडू कोपऱ्यात फेकला. धाकटीनं मात्र आयुष्यभर सोडला नाही. कारखान्यातही ती पटांगणातून झाडू घेऊनच जायची. बायका हसायच्या, म्हणायच्या, "संडासाची वाट एवढी लख्ख दुसऱ्या कुठल्या कारखान्यात नसेल!" धाकटी मान खाली घालून हसायची आणि खरोखरच दोन हात झाडून यायची.

मग ती डॉक्टरीण आली. कामामुळे माणसांना कुठले आजार जडतात, ते का जडतात आणि कसे टळतील, हे शोधत ती कारखान्याकारखान्यांतून फिरत असे. अंगानं काडी, पण चिकाटी अशी की मॅनेजरनं वरचेवर दारातून परत लावूनही शेवटी त्यालाच तिला खुर्ची द्यावी लागली. तिनं नऊजणींना बाकावर बसवलं आणि साध्या भाषेत सांगितलं.

"ही भुकटी नाकातून जाते, कातडीतूनही आत मुरते. रक्तात फिरते आणि शेवटी लघवीच्या पिशवीत येऊन थांबते. तिथे वर्षानुवर्षं आतलं अस्तर खराब करत राहते. कॅन्सर होऊ शकतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. पण लघवी तपासली तर लवकर सापडतो, आणि लवकर सापडला तर बाई वाचते. दरवर्षी प्रत्येकीनं एक बाटली द्यायची. स्वतःची. कळलं?"

लघवी हा शब्द निघाल्याबरोबर सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या. पुढचं किती जणींनी ऐकलं, देव जाणे. बाटल्या मात्र सगळ्यांनी घेतल्या. छोट्या, पांढऱ्या बुचाच्या, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं.

आता या बाटल्यांची वाट कशी होती ते बघा. संडास पटांगणाच्या एका टोकाला, दवाखान्याची खोली दुसऱ्या टोकाला, आणि मधोमध डबे गाडीत चढवणारे हमाल. बाटलीची बातमी त्यांना आधीच लागली होती. पहिलीच बाई एप्रनखाली हात घालून निघाली तर एकानं विचारलं, "काय वहिनी, सरबत कुणाला?" ती तशीच माघारी आली. बाकीच्या जागच्या हलेनात. आणि धाकटी तर बाटली मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. एका हातात झाडू, एका हातात बाटली, आणि या वेळी झाडूनं काही झाकलं जाणार नव्हतं.

"दे इकडे," काकी म्हणाली. "आणा गं सगळ्या. मी बघते."

तांब्यावर तांब्या पाणी पिऊन, दोन खेपा करून तिनं नऊच्या नऊ बाटल्या एकटीनं भरल्या. टोपलीत घालून, वर फडकंही न टाकता, ती हमालांच्या मधून निघाली. सरबतवाला काही बोलणार इतक्यात तिनंच थांबून मोठ्यानं विचारलं, "का रे, तुझी आई कधी मुतली नाही का?" सगळं पटांगण हसलं. सरबतवाल्यानं त्या दिवशी मान वर केली नाही. खोलीत परतल्यावर बायकांनी तिला बसायला पाट नव्हता म्हणून पिंप पुसून दिलं, इतकं कौतुक.

वाईट करावं असं तिच्या मनात तसूभरही नव्हतं. उलट तिनं विचार केला होता. खोली एक, भुकटी एक, हवा एक. शितावरून भाताची परीक्षा करतातच ना? मग माझ्या बाटलीवरून नवांची का नाही? शिवाय मी सगळ्यांत जुनी. मला काही नाही तर या कोवळ्या बायकांना काय होणार? असं हे काकीचं शास्त्र. ऐकायला इतकं पटतं, की माणसानं ते कुणालातरी एकदा विचारून बघावं, हे सुचतच नाही.

निकाल आला, सगळ्या ठणठणीत. पुढच्या वर्षी पुन्हा टोपली, पुन्हा सगळ्या ठणठणीत. डॉक्टरीण भुकटी ओढून घेणारा मोठा पंखा बसवा म्हणून मालकाच्या मागे लागली होती. मॅनेजरनं तिचाच निकाल तिच्या पुढे केला. "बाई, तुमचंच यंत्र म्हणतंय सगळं छान आहे. मग पंखा कशाला?" मालकाचा सुंठीवाचून खोकला गेला. पायऱ्या उतरताना डॉक्टरिणीचा चेहरा पडला होता. तो बघून काकीला आत कुठेतरी टोचलं. पण तिनं ते टोचणं बाजूला सारलं. आता सांगायचं म्हणजे नऊजणींची लाज चव्हाट्यावर मांडायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर काकीचे गुडघे कुरकुरायला लागले. मुकादमानं तिला चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलावर, दाराजवळ बसवलं. आता मोगरी नाही, चाळण नाही, लाल पिंपाशी संबंध नाही. आणि तरीही एक दिवस तिला लाल दिसलं. तिनं मनाशी म्हटलं, रंग आहे, अंगात मुरलेला निघतोय. सुट्टीच्या दिवशी जाईल. सुट्टीचा दिवस आला आणि गेला. रंग राहिला. मधे काही दिवस गेला, पुन्हा आला. शंभर बायकांना 'वेडे, रंग आहे' सांगणारी काकी आता स्वतःला तेच सांगत होती, आणि ऐकणारीही तीच असल्यामुळे उलटा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. घरात नवरा होता, जाऊ होती. पण या वयात, नातवंडांच्या घरात, असलं काही तोंडातून काढायचं म्हणजे? हमालांच्या मधून टोपली नेणारी काकी स्वतःच्या नवऱ्याला एवढं सांगू शकली नाही.

तिसऱ्या वर्षीही तिनंच बाटल्या भरल्या. त्या दिवशी जरा जास्तच पाणी प्यायली, रंग फिका दिसावा म्हणून.

निकाल घेऊन डॉक्टरीण दवाखान्याच्या खोलीत न जाता सरळ भुकटीच्या खोलीत आली. तिच्या मागे मॅनेजर, तोंड वाळलेलं. मोगऱ्या थांबल्या.

"घाबरू नका, पण ऐका," ती म्हणाली. "नवांच्याही बाटल्यांत रक्त आहे. रंग नाही, रक्त. आणि आजाराच्या पेशी आहेत. नऊच्या नऊ. परवा सगळ्यांनी मोठ्या हॉस्पिटलात यायचं. आतून नळी घालून बघायला लागेल."

कुणाच्या हातातलं झाकण पडून गरगरत पिंपापर्यंत गेलं. एकजण मटकन खाली बसली. धाकटीनं काकीच्या खांद्याला घट्ट धरलं.

काकीला मात्र सगळ्यांच्या आधी कळलं. नऊ नाहीत, एकच आहे. मी आहे. ऐकणाराला वाटेल, तिला मरणाची भीती वाटली असेल. नाही. भीती पुढे सवडीनं आली. आधी आली ती लाज. कानाच्या पाळ्या तापल्या, तळहाताला घाम फुटला, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपलं दुखणं आपण आठ जणींच्या नावावर चढवलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर मॅनेजर उभा होता, दारात हमाल गोळा झाले होते, त्यांत सरबतवालाही होता, आणि काकीचं तोंड पुन्हा मिटलं.

मधला एक दिवस तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. एका बाईनं मुलीला सासरहून बोलावून घेतलं आणि तिच्या गळ्यात पडून रडली. दुसरीनं देवाला नाही नाही ते बोलून घेतलं. आणि धाकटी? दोघी जावांची घरं एका जिन्याची, वर काकी, खाली धाकटी. दुपारी ती वर आली, फडताळाच्या किल्ल्या काकीपुढे धरल्या आणि म्हणाली, "ताई, माझ्या मागे यांच्याकडे बघा. त्यांना मीठ कमी लागतं. आणि धाकट्या पोराला जास्त ओरडू नका, तो मनाला लावून घेतो."

"उगाच काहीतरी बरळू नकोस," काकी म्हणाली. "तुला काही झालेलं नाही."

"तुम्ही धीर द्यायला म्हणताय."

त्या क्षणी सांगायचं. जिन्यावर दोघीच होत्या. काकीनं किल्ल्या हातात घेतल्या, परत तिच्या हातात कोंबल्या आणि दार लावून घेतलं. दारामागे उभी राहून तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एक धडधाकट बाई आपल्या संसाराची निरवानिरव करते आहे आणि तू तिला खरं सांगत नाहीस, कारण तुला चार माणसांत मान खाली घालायला नको. काकी सासूला भ्यायली नव्हती, मुकादमाला भ्यायली नव्हती. आता एका वाक्याला भीत होती.

हॉस्पिटलचा तो व्हरांडा लांबलचक होता. भिंतीला लागून बाकं, समोरच्या बाकांवर पुरुष रोगी, आणि पार टोकाला बायकांचा संडास. नऊजणी ठेवणीतले कपडे घालून, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. नखांतला रंग ठेवणीतल्या कपड्यांवर अधिकच दिसत होता. नर्स आली, नळी कशी घालतात ते सांगून गेली, तेव्हा एकीनं कानात बोटं घातली. मग डॉक्टरीण दारात आली आणि तिनं पहिलं नाव घेतलं. धाकटीचं.

धाकटी उठली नाही. तिला उठताच येईना. तिनं काकीकडे बघितलं. बोकडाला नेताना तो घरच्या माणसाकडे बघतो ना, तसं.

"बाई," काकी उभी राहिली. "आधी मला घ्या."

"तुमचा नंबर येईल."

"नाही, आधी मला घ्या. माझ्यात सापडलं की बाकीच्यांना नळी नको."

"असं कसं? प्रत्येकीच्या बाटलीत आहे ते."

"जरा आत येता का? एकटीशी बोलायचंय."

"काय ते इथेच बोला, काकी. खूप जणी आहेत, मला वेळ नाही."

झालं. पळवाट संपली. काकीनं इकडे तिकडे बघितलं. बाकांवरचे पुरुष बघत होते, नर्स बघत होती, आठ जणी बघत होत्या. ज्या आवाजानं भट्टीवरचा माणूस वळायचा, तो आज पुढच्या बाकापर्यंतही पोचेना.

"त्या बाटल्या माझ्या आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"नऊच्या नऊ. मी भरल्या. माझ्याच... माझीच आहे सगळ्यांत." आणि मग, सुटलंच आहे तर पूर्ण सुटू दे म्हणून, "गेल्या वर्षीही. त्याच्या आधीही. यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, मी बघते."

मग नऊजणींतली एक, जिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या, ती खुदकन हसली. तिला आवरेना. हसता हसता रडायला लागली, आणि मग सगळ्याच. "म्हणजे आपल्याला काही नाही!" "अगं, काही नाही गं आपल्याला!" कुणी काकीच्या पाया पडलं, कुणी तिला गुद्दा मारला. पण कुणाच्या तरी लक्षात आलं, की आपल्याला नाही म्हणजे ते कुणाला आहे, आणि हसू जागच्या जागी थिजलं. रेडिओनं तोंडावर हात ठेवला. काकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता कीव वाट्याला आली तर तिला ती सोसणार नव्हती.

डॉक्टरीण दाराच्या चौकटीला टेकली होती. ती ओरडेल असं काकीला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन वर्षं," ती हळूच म्हणाली. "काकी, तीन वर्षं मी तुमची एकटीची लघवी तपासली आणि दोन वर्षं म्हटलं, नऊजणी बऱ्या आहेत. त्याच्यावर त्यांनी पंखा नाकारला. तीन वर्षं तुम्ही सगळ्यांनी ती भुकटी खाल्ली."

"पंख्याचं माझ्या ध्यानात नाही आलं, बाई."

"आणि मी? नवांचे नऊ निकाल सारखे कसे येतील? शिकाऊ पोरीलाही शंका आली असती. मला नाही आली. खरं सांगू? मला आनंद झाला होता. वाटलं, आता मालकाला पंखा बसवावाच लागेल. नऊ बायका आजारी आहेत याचा आनंद." तिनं चष्मा काढून पुसला. तिच्याही मानेवर लाली चढली होती. "आता ते सगळं मला मागे घ्यावं लागेल. मॅनेजर हसेल. हसू दे."

रेडिओनं विचारलं, "बाई, मग आम्ही जाऊ घरी? आम्हाला तर काही नाही."

"काही नाही असं कोण म्हणालं? मला माहीत नाही, एवढंच खरं. तुमची अजून कुणी तपासलेलीच नाही."

नर्सनं नव्या बाटल्यांचा ट्रे आणून बाकावर ठेवला. नऊ बाटल्या, पांढरी बुचं. पुन्हा तेच. समोर पुरुषांची बाकं, टोकाला संडास, आणि आठ जणींच्या माना खाली. इतकं होऊनही खाली. एकीनं सवयीनं काकीकडे बघितलं सुद्धा. लाजेला अक्कल शिकवायला जावं तर ती असलेली अक्कलही लाजून बसते.

काकीनं पहिली बाटली उचलली आणि व्हरांड्याच्या टोकाला गेली. परत आली ती बाटली एप्रनखाली घेऊन नाही, कारण आज एप्रनच नव्हता, आणि मुठीत दाबूनही नाही. बोटांच्या चिमटीत, सगळ्यांना दिसेल अशी धरून आली. टोपली घेऊन गेली होती तेव्हासारखा तोरा मात्र आज नव्हता. मान खालीच होती. ती बायकांपुढे येऊन थांबली आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

"बघा," ती म्हणाली. "वर्ष होत आलं, मी लाल पिंपाला हात लावलेला नाही. तरी बघा. तुम्हाला मी सांगायचे ना, रंग आहे म्हणून? हा रंग नाही. मी चुकीचं सांगत होते. माझं ऐकू नका."

बायकांनी बघितलं. नजर चोरायला जागा नव्हती. मग रेडिओ उठली, तिनं एक बाटली घेतली, "चुलीत गेली ती लाज," असं पुटपुटत गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. एकेक जण परत येऊन बाटली ट्रेमध्ये ठेवत होती. फिकट पिवळ्या, एक जरा नारिंगी, त्या आठवड्यात ती नारिंगी रंगावर होती. प्रत्येक बाटलीबरोबर काकीचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. नाही, हिला नाही. हिलाही नाही.

सगळ्यांत शेवटी धाकटी उरली. तिनं बाटली घेतली आणि बाकाखाली, दारामागे, कोपऱ्यात काहीतरी शोधायला लागली.

"काय हरवलं?" काकीनं विचारलं.

"झाडू," धाकटी म्हणाली.

"अगं, इथे कुठला झाडू? जा तशीच. मी आहे ना उभी."

धाकटी भिंतीला घासत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती दोन्ही हातांची ओंजळ करून, वर बोटं घट्ट मिटून. काकी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "आण इकडे, ठेवते मी," म्हणून तिनं जावेची बोटं एकेक करून सोडवली.

बाटली लाल होती. काकीच्या बाटलीपेक्षा गडद.

"लालवर आहेस ना या आठवड्यात?" काकीनं विचारलं.

"नाही, निळ्यावर." धाकटी अगदी काकीच्या कानाशी लागून बोलत होती, समोरच्या पुरुषांना ऐकू जाऊ नये म्हणून. "पण माझं असंच असतं, ताई. दोन वर्षं होऊन गेली की. तुम्हीच म्हणायचा ना, रंग असतो म्हणून. सुट्टीला जात नाही एवढंच." मग तिनं काकीचा हात दाबला. "तुम्ही भरत होता ते फार बरं होतं. ही कुणाला दाखवायची म्हटलं असतं तर लाजेनं मेलेच असते मी."

पुढे डॉक्टरीण आली, तिनं बाटली उजेडात धरली, काही न बोलता धाकटीला खांद्याला धरून आत नेलं. जाताना धाकटीनं मागे वळून बघितलं आणि ताई म्हणतील म्हणून थांबली. वीस वर्षं जे दोन शब्द ऐकून ती कुठेही गेली होती, ते दोन शब्द काकीला काढता आले नाहीत. दार लागलं.

नर्स ट्रे घेऊन चिठ्ठ्या चिकटवायला बसली. एकेकीला नाव विचारायची, बाटली दाखवून घ्यायची आणि चिकटवायची. दोन लाल बाटल्या शेजारी शेजारी होत्या.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"माझी," काकी म्हणाली.

"आणि ही?"

काकीनं जावेचं नाव सांगितलं. नर्सनं ते नीट लिहिलं आणि चिठ्ठी बाटलीला लावली. या वेळी नावं बरोबर होती.